पॅराबेलम की एकोणपन्नास

विंटरथूर, १३ जून १९८८

प्रिय मेल्क काका,

बाबांचं कपाट अखेर उघडलं. दफनाच्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात, "घाई करू नका, गेलेल्या माणसाच्या कपाटाला मुदत नसते." न्यायालयाच्या निवृत्त अध्यक्षांचा शब्द म्हणून मी आणि बेआटनं, आम्ही दोघा भावंडांनी, चार महिने किल्लीला हात लावला नाही. पण मुदत निघालीच. मृत्युपत्रात बाबांनी लिहिलं आहे : "दोन पिस्तुलांपैकी एक रेगुलाने आधी निवडावे, उरेल ते बेआटने घ्यावे. निवड ऑगस्टअखेर एकमेकांना कळवावी."

बेआटला मी फोन केला, तर म्हणतो, "तू घे गं हवं ते. उरलेलं मी झ्यूरिखला दिवाणखान्यात भिंतीवर लावीन. गोळ्या मात्र पाठवू नकोस, घरात पोरं आहेत."

तर प्रश्न माझ्या एकटीचा आहे. पहिलं आजोबांचं पॅराबेलम, ज्यासह ते युद्धाच्या वर्षांत सीमेवर उभे होते. दुसरं बाबांचं एकोणपन्नास, म्हणजे १९४९ चं लष्करी मॉडेल, लष्करातून सुटताना त्यांच्या नावे करून दिलेलं. दोन्ही संपूर्ण पोलादी, दोन्ही तेल लावून फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेली. बाबांचं तुम्हाला माहीतच आहे. त्यांचे बूट फाटके असत, पिस्तूल कधीच नाही.

मला हे भिंतीसाठी नको आहे, काका. मला ओबरमाटच्या शरद नेमबाजीतली बाबांची सातवी जागा हवी आहे. मंडळाचे नियम तुम्हीच लिहिलेत, तेव्हा तुम्हाला काय सांगायचं : जागा वारसाला मिळते, पण पहिल्या वर्षी त्यानं घरचंच लष्करी हत्यार आणायचं आणि शंभरपैकी ऐंशी गुण मिळवायचे. नाही मिळाले तर जागा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाची. यादीत तेरा जण आहेत, तेराही पुरुष. त्यातल्या एकानं तर दफनानंतरच्या कॉफीच्या वेळीच मला विचारलं होतं, "मग जागा सोडताय ना?"

मी बारा वर्षांची असल्यापासून त्या कुरणाच्या टोकाला, खंदकात बसून, लक्ष्यावरची भोकं कागदाच्या टिकल्या चिकटवून बुजवली आहेत. बायकांना तेवढंच काम होतं. बाबांची भोकं मी न सांगता ओळखत असे. आता मला खंदकाच्या दुसऱ्या बाजूला उभं राहायचं आहे.

तुम्ही माझे धर्मपिता, बाबांचे पन्नास वर्षांचे मित्र आणि मंडळाचे मानद अध्यक्ष. सांगा, कोणतं निवडू?

तुमची,
रेगुला


ओबरमाट, २१ जून १९८८

प्रिय रेगुला,

प्रश्न नीट मांडला की अर्धा सुटतो. तू विचारतेस, कोणते पिस्तूल निवडू. त्यातून "कोणते श्रेष्ठ" असा प्रश्न डोकावतो, आणि तो गैरलागू आहे. विचारार्थ प्रश्न एवढाच की, सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी, पन्नास मीटरवर, दहा गोळ्यांत, तुझ्या हाताला ऐंशी गुण कोणते पिस्तूल अधिक खात्रीने मिळवून देईल.

आधी पूर्वपक्ष मांडतो, कारण तो बलवान आहे. एकोणपन्नासची वरची सरकती स्लाइड सांगाड्याच्या आतल्या खाचांतून धावते, बाहेरून नव्हे. त्यामुळे पोलादाला पोलाद पूर्ण लांबीभर धरून ठेवते आणि केसाइतकीही ढिलाई उरत नाही. चाप काच तुटावी तसा स्वच्छ सुटतो. आपल्या खोऱ्यात गेली तीस वर्षे बहुतेक पेले याच पिस्तुलाने जिंकले गेले, हेही मान्य.

आता उत्तरपक्ष. एक, त्या पिस्तुलाचा घोडा मागे येताना अंगठा आणि तर्जनी यांच्या बेचक्यात चावतो; ज्याला चावा बसला, तो पुढच्या गोळीला नकळत डोळे मिटतो. दोन, त्याची गोळी जड आणि धक्का मोठा. याउलट पॅराबेलमची मूठ इतकी तिरकी आहे की हात उचलला की नळी बोट दाखवावे तशी लक्ष्याकडे वळते. त्याची नेम धरायची पुढची माशी आणि नळी एकाच तुकड्याचा भाग असल्याने दोघींत कधी बेबनाव होत नाही. धक्का सौम्य. त्याच्या चापाचा जोर कोपऱ्यावरून वळून जातो, त्यामुळे तो थोडा लांबट लागतो, हा दोष खरा. परंतु दोष ठाऊक असला की सवयीने भरून निघतो. धूळ त्याला सोसत नाही, पण आपल्या कुरणावर धूळ नाही.

भावनेचा मुद्दा मी हेतुपुरस्सर शेवटी ठेवला आहे, कारण तो पुरावा नव्हे. तरीही नोंदवतो : तुझे आजोबा मंडळाच्या संस्थापकांपैकी होते.

निष्कर्ष : पॅराबेलम निवडावे. एकोणपन्नास बेआटकडे भिंतीवर सुखाने राहील.

तुझा धर्मपिता,
मेल्खिओर बेब्लर


विंटरथूर, ११ जुलै १९८८

प्रिय मेल्क काका,

तुमचा युक्तिवाद मी दोनदा वाचला आणि मग इथल्या मैदानावर जाऊन पुरावा घेतला. मी भूमापक आहे. नकाशा कितीही सुंदर असला तरी जमीन मोजल्याशिवाय मला सही करता येत नाही.

दोन्ही पिस्तुलं, तीन शनिवार, प्रत्येकी दहा गोळ्या. पॅराबेलम : चौऱ्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर, शहात्तर. एकोणपन्नास : त्र्याऐंशी, पंच्याऐंशी, चौऱ्याऐंशी. घोडा चावला. पट्टी लावली. डोळे मिटले नाहीत.

इथल्या मैदानाचे जुने रखवालदार माझ्या मागे उभे राहून पाहत होते. म्हणाले, "बाई, पॅराबेलमशी संसार करायचा तर लग्न विशीत लागावं लागतं. तुम्हाला उशीर झाला." मग एकोणपन्नास हातात घेऊन त्यांनी एक गोष्ट दाखवली, जी मी आजवर पाहिलीच नव्हती. नेम धरायच्या मागच्या खाचेची पट्टी मधोमध नाही. कुणीतरी ठोकून ठोकून ती चांगली दीड मिलिमीटर उजवीकडे सरकवली आहे. पितळी हातोडीचे व्रण दिसतात. "तुमच्या वडिलांची गोळी डावीकडे जात असणार," ते म्हणाले, "पण एवढी? हे पिस्तूल कारखान्यातून असं येत नाही."

मला आठवलं, मी खंदकात असताना बाबांची भोकं नेमकी मधोमध असायची. मग केव्हातरी, मी पंधरा-सोळाची असताना, ती डावीकडे सरकली. त्यानंतर बाबा कधी पाचव्या क्रमांकाच्या वर आलेच नाहीत. तुम्ही त्यांच्या शेजारच्या आठव्या जागेवर उभे असायचात. हे कशामुळे झालं, ते तुम्हाला ठाऊक आहे का?

आणखी एक विचारते. राग मानू नका, किंवा माना. गेल्या वर्षी बायकांना सभासद करण्याचा ठराव दोन मतांनी मंजूर झाला. तुम्ही कोणत्या बाजूला होता? कारण जे पिस्तूल मला ऐंशीच्या खाली ठेवतं, तेच तुम्ही मला सुचवता आहात. मी हरावं असं वाटत असेल तर तसं सरळ लिहा, पाच मुद्द्यांत नको.

बाबांच्या वस्तूंतलं तुम्हाला काही हवं असेल, तर तेही सांगा. काहीही असो. मागितलंत तर लगेच देईन.

रेगुला


ओबरमाट, १६ जुलै १९८८

प्रिय रेगुला,

तुझ्या प्रश्नांना क्रमाने उत्तरे देतो.

मी ठरावाच्या विरोधात मत दिले. ठराव सभेच्या चौदा दिवस आधी फलकावर लागायला हवा होता. तो अकरा दिवस आधी लागला. ठरावाच्या आशयाविषयी मला कोणी विचारले नाही, म्हणून मी सांगितले नाही. विचारले असते तर अनुकूल मत दिले असते. अयोग्य रीतीने केलेली योग्य गोष्ट पुढे कधीतरी अयोग्य ठरवली जाते, हे मी चाळीस वर्षे न्यायासनावरून पाहिले आहे. सभेनंतर "अस्वल" खानावळीत हाइरी लान्डोल्टही मला हेच म्हणाला : "मेल्क, तू स्वर्गाच्या दारातही संत पेत्राला विचारशील, नोटीस लावली होती का म्हणून." हाइरीच्या दुकानातले हिरवे चीज जितके तिखट, तितकीच जीभ.

तू हरावीस अशी माझी इच्छा नाही. तुझे आकडे मी नाकारत नाही. परंतु तीन शनिवार म्हणजे अल्प पुरावा. अजून दहा आठवडे आहेत आणि पॅराबेलमची मूठ अंगवळणी पडायला वेळ लागतो. चाप ओढताना श्वास अर्धा सोडून थांबव आणि कोपर किंचित वाकव. ऐंशीला चार गुण कमी आहेत. चार गुण सरावाने येतात. माझा सल्ला कायम आहे.

खाचेच्या पट्टीबद्दल : याकोब वय वाढल्यावर चाप दाबताना मनगट डावीकडे वळवू लागला होता. मी त्याला एकदोनदा सांगितलेही. त्याने हात सुधारण्याऐवजी पट्टी सरकवली. पुष्कळ जण तसे करतात.

याकोबच्या वस्तूंपैकी मला काही नको. तुझ्या सौजन्याबद्दल आभार.

मेल्खिओर बेब्लर


विंटरथूर, ३१ जुलै १९८८

मेल्क काका,

बाबांचं मनगट वळत नव्हतं. मला मांडीवर बसवून त्यांनी घड्याळं दुरुस्त केली आहेत; शेवटच्या जानेवारीतही ते सुईत पहिल्या खेपेला दोरा ओवत.

पिस्तूल मी खोललं. बाहेरून दिसतं ते सगळं बरोबर आहे. सांगाडा : शेवटचे तीन आकडे ३१७. स्लाइड : ३१७. नळी बाहेर काढली आणि भिंगाखाली धरली : ३४२.

ही नळी या पिस्तुलाची नाही. तिचं तोंड आणि बूड दुसऱ्या पिस्तुलाला बेतून घासलेलं आहे, म्हणून गोळी डावीकडे जाते, म्हणून पट्टी उजवीकडे.

तुमच्या नियमावलीची प्रत माझ्यासमोर आहे. कलम नऊ : तिन्ही क्रमांक जुळत नसतील तर गोळ्या बाद. कलम अकरा : पहिल्यांदा मैदानात उतरणाऱ्याचं हत्यार खोलून तपासावं, आणि "हे मला मूळ स्थितीत मिळाले" असं त्यानं लिहून द्यावं, एखादा भाग बदललेला असेल तर केव्हा, का आणि कोणाकडून ते जाहीर करावं. जुन्या सभासदांची तपासणी होत नाही. त्यांच्यावर विश्वास असतो.

पॅराबेलम घेतलं तर मी सही निर्धास्तपणे करू शकते, आणि बहुधा ऐंशीच्या खाली राहून जागा गमावते. एकोणपन्नास घेतलं तर जाहीर काय करू, ते मला ठाऊक नाही. खोटी सही मी करणार नाही. बेआटला ऑगस्टअखेर कळवायचं आहे.

तुमच्या पिस्तुलाचा क्रमांक काय आहे, काका?

उद्या एक ऑगस्ट, राष्ट्रीय दिन. इथे आतापासूनच टेकड्यांवर होळ्यांसाठी लाकडं रचून ठेवली आहेत.

रेगुला


ओबरमाट, २४ ऑगस्ट १९८८

प्रिय रेगुला,

साडेतीन आठवडे उत्तर दिले नाही. या काळात मी तीन मसुदे केले आणि फाडले. तिन्ही निर्दोष होते.

माझ्या पिस्तुलाचा क्रमांक ३४२. त्यातल्या नळीचा क्रमांक ३१७.

वस्तुस्थिती अशी. २६ सप्टेंबर १९७०, शनिवार, शरद नेमबाजीच्या आदल्या दिवशीची दुपार. "अस्वल" खानावळीत तेव्हा एक प्रथा होती, तू ऐकून असशील : दोघांनी समोरासमोर बसायचे, डोळ्यांवर हात पुसायचे रुमाल बांधायचे, आपापले पिस्तूल खोलायचे आणि पुन्हा जोडायचे. हरेल त्याने टेबलाला पांढरी वाइन पाजायची. मालकीण फ्रेनीने आमचे डोळे बांधले. तुझे वडील तिला म्हणाले, "याचा रुमाल घट्ट आवळ गं, न्यायदेवतेला सवय असते." मी स्प्रिंग चाचपत होतो तर म्हणतात, "मेल्क, कलम शोधतोयस की स्प्रिंग?" सगळे हसले. मीही हसलो, आणि हसताना टेबलावर दोघांचे हात एकमेकांत गुंतले. याकोबने मला दोन सेकंदांनी हरवले. दोन्ही पिस्तुले व्यवस्थित जोडली गेली, व्यवस्थित चालली. आमची पिस्तुले एकाच दिवशी, एकाच पेटीतून मिळाली होती. पोलाद तक्रार करत नाही.

दुसऱ्या दिवशी मला चौऱ्याण्णव गुण मिळाले, याकोबला, गोळ्या किंचित डावीकडे जाऊनही, त्र्याण्णव, हाइरी लान्डोल्टला एक्याण्णव. चांदीचा पेला माझ्याकडे आला. तो अजून माझ्या लिहिण्याच्या टेबलावर आहे; त्यात मी पेन्सिली ठेवतो.

डिसेंबरात पिस्तूल साफ करताना मला क्रमांक दिसला. त्या क्षणी काय करायला हवे होते, हे सांगायला कायदेपंडित लागत नाही. कलम नऊनुसार माझ्या गोळ्या बाद, याकोबच्याही बाद. पेला हाइरीचा. ते कलम मीच लिहिले होते, आणि लिहिताना "हेतू काहीही असो" हे शब्द मीच आग्रहाने घातले होते. मी स्वतःला सांगितले की निकाल अंतिम झाला आहे, की चूक निर्हेतुक होती, की एका पेल्यासाठी मंडळात कलह नको. प्रत्येक युक्तिवाद स्वतंत्रपणे टिकणारा होता. एखाद्या वकिलाने ते माझ्यासमोर मांडले असते, तर मी त्याला खाली बसवले असते.

याकोबने नळी पाहिली की नाही, हे मला आजही ठाऊक नाही. तो अठरा वर्षे माझ्या शेजारी उभा राहून, पट्टी सरकवूनही, डावीकडे जाणाऱ्या गोळ्या मारत राहिला आणि एका शब्दाने बोलला नाही. मीही विचारले नाही. शेजारच्या जागेवरून मला त्याची लक्ष्ये दिसत.

आता तुझ्या मूळ प्रश्नाकडे येतो, कारण त्याचे मी प्रामाणिक उत्तर दिलेले नाही. जूनमध्ये मी पॅराबेलमविषयी जे लिहिले, त्यातले प्रत्येक विधान खरे आहे आणि निष्कर्ष खोटा. एकोणपन्नास तपासणीच्या टेबलावर येऊ नये, ते झ्यूरिखच्या भिंतीवर जावे, एवढाच त्याचा उद्देश होता. तू हरावीस असे मला वाटत नव्हते. तू हरलीस तर चालेल, असे मात्र मी ठरवले होते. या दोहोंत मी पूर्वी मोठा फरक करत असे.

आणि १६ जुलैच्या पत्रातले मनगटाविषयीचे वाक्य मी मागे घेतो. मी जे काही केले त्यात ते सर्वांत हीन होते. ज्याला उत्तर देता येत नाही, अशा माणसावर मी दोष ठेवला.

म्हणून : एकोणपन्नास निवड. सोबत माझ्या जबानीची प्रत आहे. मूळ प्रत आज सकाळी शस्त्रतपासनीस थीस क्नोबेलच्या हातात दिली, ३१७ क्रमांकाच्या नळीसह. त्याने ती वाचली आणि विचारले, "अध्यक्ष, हे नक्की द्यायचंय का? अजून कुणाला माहीत नाही." मी म्हणालो, "थीस, तुला-मला धरून आता तिघांना माहीत आहे. मंडळाच्या घटनेत तेवढी गणसंख्या पुरते." तुझ्या घोषणापत्रात या जबानीचा उल्लेख कर, कलम अकराची पूर्तता होईल आणि तुझ्या सहीला धोका राहणार नाही. पेलाही थीसकडे दिला आहे. मानद अध्यक्षपदाचा राजीनामा फलकावर लागला आहे, बरोबर चौदा दिवसांच्या मुदतीने.

पंचवीस सप्टेंबरला मी मैदानावर येणार नाही. ज्या खटल्यात आपण पक्षकार आहोत, त्यात न्यायालयात रेंगाळू नये.

मेल्खिओर


विंटरथूर, २७ सप्टेंबर १९८८

प्रिय मेल्क काका,

तुम्ही आला नाहीत, म्हणून वृत्तान्त मी लिहिते.

तपासणीच्या टेबलाभोवती निम्मं गाव. थीसनं पिस्तूल खोललं, ३४२ बाहेर काढली, ३१७ बसवली. ती बसताना जो आवाज झाला, तो ऐकून थीस म्हणाला, "घरी आली." मग पितळी हातोडी मागवली आणि खाचेची पट्टी दोन ठोक्यांत मधोमध आणली. मी तिन्ही क्रमांक मोठ्यानं वाचले, तुमच्या जबानीचा दाखला दिला, सही केली. यादीतला तो पहिला गृहस्थ, "जागा सोडताय ना" वाला, म्हणाला, "बदललेल्या भागाचं हत्यार मूळ कसं?" थीस म्हणाला, "बदललेलं अठरा वर्षं होतं. आज मूळ झालं. पुढचा!"

सत्त्याऐंशी. अकरावा क्रमांक. घोडा चावला. लक्ष्य परत आल्यावर मी आधी भोकं कुठे आहेत ते पाहिलं; गुण नंतर मोजले. मधोमध, काका. सातवी जागा माझी आहे. शेजारची आठवी रिकामी होती.

मग जेवणाच्या तंबूत, बटाट्याचा लगदा आणि वासराच्या सॉसेजच्या ताटांमध्ये, थीसनं तुमची जबानी सर्वांना वाचून दाखवली. काटे खाली ठेवले गेले. १९७० च्या निकालपत्रातल्या पहिल्या दोन ओळींवर लाल शाईनं रेघ मारली, आणि पेला हाइरीसमोर ठेवला. म्हातारा एक्याऐंशीचा आहे, पण तुम्हाला माहीत आहे तो कसा आहे ते. पेला उलटा करून आतली पेन्सिलीची भुकटी झटकली. "घासला तरी असता लेकानं," म्हणाला. "अठरा वर्षं! एवढं जुनं चीज माझ्याकडंसुद्धा कुणी घेत नाही." मग पेला दोन्ही हातांत धरून बसला. शेवटी मला म्हणाला, "तुझ्या बापसानं पण गप्प बसून घेतलं की. मेल्कला सांग, रविवारी 'अस्वल'मध्ये ये. वाइन तू पाज म्हणावं, पेला माझा आहे. पत्ते तो अजून तसाच वाईट खेळतो का?"

हाइरी बाबांबद्दल बोलला ते खरं आहे. आता मी जे लपवलं ते सांगते.

तीन जुलैला, तुम्हाला दुसरं पत्र लिहिण्याच्या आठवडाभर आधी, मी एकोणपन्नासच्या मुठीच्या लाकडी पट्ट्या तेल द्यायला काढल्या. डाव्या पट्टीखाली घडी घातलेली चिठ्ठी होती. अक्षर बाबांचं, तारीख ४ ऑक्टोबर १९७०. म्हणजे नेमबाजीनंतर अवघ्या आठवड्यानं. तुमच्या कितीतरी आधी. लिहिलंय :

"आतली नळी मेल्कची आहे. त्याने मागितली की लगेच द्यायची. आपण होऊन काढायची नाही."

म्हणून मी विचारलं होतं, बाबांच्या वस्तूंतलं काही हवं का. मला वाटलं, दार उघडं ठेवावं. तुम्ही "नको" म्हणालात तेव्हा मी टेबलावर मूठ आपटली. बाबांवरही चिडले. मित्राला लाज वाटू नये म्हणून त्यांनी स्वतःचा नेम घालवला, तो त्यांचा होता, घालवला. पण हाइरीचा पेला काही त्यांचा नव्हता. चिठ्ठी लिहिण्यापेक्षा गल्ली ओलांडून तुमचं दार वाजवायला कमी वेळ लागला असता. तुम्हा दोघांच्या सभ्यतेची किंमत एका चीजवाल्यानं दिली.

तुमची नळी थीसकडे आहे, कपड्यात गुंडाळून. तुमच्या पिस्तुलात ती पुन्हा बसली की तेही मूळ होईल. पॅराबेलम बेआटनं भिंतीवर लावलं. नळी छताकडे, कारण त्याची धाकटी म्हणते तसं ते पक्ष्यासारखं दिसतं.

सातव्या जागेवरून,
रेगुला


ओबरमाट, ३ ऑक्टोबर १९८८

प्रिय रेगुला,

तुझा वृत्तान्त पोहोचला. सत्त्याऐंशी हा आकडा चांगला आहे. चावा बसतो त्या जागी पातळ चामड्याचा तुकडा चिकटवावा, पट्टी नव्हे. हे मी जूनमध्येच सांगायला हवे होते.

काल रविवारी मी "अस्वल"मध्ये गेलो. हाइरी आधीच बसला होता. वाइन मी मागवली, तिघांना पुरेल एवढी, सवयीने. हाइरीने पेला भरला, अर्धा प्यायला आणि माझ्यापुढे सरकवला. "घे," म्हणाला, "पण पाहुणा म्हणून." आम्ही पत्त्यांचे चार डाव खेळलो. मी चारही हरलो.

३४२ क्रमांकाची नळी परवा थीसकडून आणली आणि जागेवर बसवली. याकोबने ती अठरा वर्षे इतकी जपली आहे की आत एकही डाग नाही. त्याच्या नळीविषयी मला तसे म्हणता आले नसते.

चिठ्ठीतल्या तिन्ही वाक्यांचा मी विचार केला. पहिले वस्तुस्थिती सांगते, दुसरे कर्तव्य. तिसऱ्याविषयी तू लिहिलेस ते बरोबर आहे. त्याने न्याय झाला नाही. त्याने मला अठरा वर्षांची मुदत मात्र मिळाली, आणि ती मी पूर्ण वापरली.

जुलैत तू विचारले होतेस, याकोबच्या वस्तूंपैकी मला काही हवे आहे का. मी लिहिले होते, काही नको. ते उत्तर मागे घेतो.

मला ती चिठ्ठी हवी आहे. मी मागतो आहे.

मेल्क